गयामावशी उंबऱ्यावर बसली

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं की मी गयाबाई साळवे हे नाव सांगतो. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला एखादे सर हवे असतात, मुख्याध्यापक हवे असतात, निदान घाम गाळणारे वडील तरी. गयाबाई कोण? तर अंबरनाथला आमच्या वस्तीत राहणारी, उल्हासनगरला शिलाईच्या कारखान्यात मशीनवर बसणारी, सही करण्यापुरती शिकलेली बाई. सगळी वस्ती तिला गयामावशी म्हणायची. मग तिने तुमच्यासाठी काय केलं, असा पुढचा प्रश्न येतो. ती बसली, असं मी सांगतो. हे उत्तर कोणाला पुरत नाही. लोक थोडं थांबतात, मी पुढे काही बोलेन म्हणून वाट बघतात आणि मग विषय बदलतात.

मार्च लागला की मला ती आठवते. आता मी बदलापूरला खरवईच्या बाजूला राहतो. गॅलरीतून दिसणारे डोंगर या दिवसांत करपून काळे पडलेले असतात, कुठे कुठे गवत अजून धुमसत असतं आणि संध्याकाळी वारा फिरला की त्याची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते. खाली रस्त्याने पोरं हातात पॅड घेऊन परीक्षेला जातात. कडेला आया उभ्या असतात, त्यांच्या चेहऱ्यावर बोर्डाच्या परीक्षेची भीती मुलांपेक्षा जास्त असते. सकाळी एमआयडीसीकडून तोच आंबूस, सडक्या फळासारखा वास येतो, जो अंबरनाथलाही यायचा. त्या वासाने मला अजूनही आज कॉस्टिंगचा पेपर आहे असं वाटतं.

आणि याच दिवसांत मला भाषणांची बोलावणी यायला लागतात. सरकारी कचेरीत लेखा विभागात बऱ्यापैकी खुर्चीवर आहे, त्यामुळे मार्गदर्शन करायला मी लायक आहे अशी लोकांची समजूत झाली आहे. विषय ठरलेला असतो. आयुष्य घडवणारे निर्णय. यशाचं पहिलं पाऊल. एक निर्णय, एक दिशा. मी गेलो आहे अशा काही कार्यक्रमांना. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मुलं घामाने भिजून बसलेली असतात आणि मंचावर पंखे फक्त पाहुण्यांकडे तोंड करून लावलेले असतात. एवढ्यावरूनच त्या कार्यक्रमाचा सगळा हेतू कळतो.

गेल्या वर्षी बदलापूर गावात असाच कार्यक्रम होता. माझ्या आधी एक बिल्डर बोलला. गळ्यात साखळी, कपाळाला टिळा, बोलताना माईक तोंडात घालायचा बाकी.

"मित्रांनो, एक छोटासा निर्णय!" तो म्हणाला. "त्या दिवशी मी कल्याणलाच उतरणार होतो. म्हटलं, नको. चला, बदलापूर बघून येऊ. आणि आज बघा!"

टाळ्या पडल्या. आज बघा म्हणजे काय बघायचं, हे कोणी विचारलं नाही. भाताच्या खाचरांत उभ्या केलेल्या इमारती, ज्यांच्या चौथ्या मजल्यापर्यंत पाणी चढत नाही. त्याच दिवशी त्या खाचरांच्या मालकानेही एक छोटासा निर्णय घेतला होता. विकून टाकू, असा. तो मालक आता त्याच इमारतीच्या गेटवर खाकी शर्ट घालून बसतो आणि बिल्डरची गाडी आली की उठून उभा राहतो. त्याला भाषणाला कोणी बोलावत नाही. छोट्या निर्णयांनी आयुष्य बदलतं, हे खरंच आहे. पण ज्यांचं वर गेलं तेवढ्यांनाच माईक द्यायचा, असा या देशात नियम आहे. मी त्या दिवशी उठून मुलांना वेळापत्रकाबद्दल काहीतरी सांगितलं आणि घरी आलो. जेवण गेलं नाही.

सत्याऐंशी सालचा मार्च असाच तापलेला होता. आम्ही एका खोलीत राहायचो. वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, रंगाच्या कंपनीत कायमच्या रात्रपाळीला होते. सकाळी यायचे तेव्हा त्यांच्या हातांचा रंग कधी पिवळा, कधी जांभळा असायचा. हात साबणाने घासले तरी भाकरीवर बोटांचे ठसे उमटायचे. मग ते झोपायचे आणि दुपार कलेपर्यंत खोलीत कोणी भांडं वाजवायचं नाही, रेडिओ लावायचा नाही, पान उलटायचं नाही. आई लहान भावंडांना घेऊन बाहेर लिंबाच्या सावलीत बसायची. दिवसा त्या खोलीत अभ्यास करणं म्हणजे दादांच्या झोपेवर पाय देणं, आणि संध्याकाळी तिथे आम्ही सगळेच असायचो.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला मी आदल्या साली कॉस्टिंगमध्ये नापास झालो होतो. ते दुसरं वर्ष. मामांनी बदलापूरच्या एका केमिकल कंपनीत हेल्पर म्हणून माझं नाव सांगून ठेवलं होतं, मे महिन्यात जागा भरणार होती. दादा एरवी कमी बोलायचे. एक दिवस हात पुसता पुसता म्हणाले, "यंदा निघालास तर निघालास. नायतर मामाच्या कंपनीत. मला दोनदा सांगायला लावू नको."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. आमच्या घराण्यात कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळे नापास झालेल्या माणसाला दुसरी संधी का देतात हेच त्यांना कळत नव्हतं. त्यांच्या कंपनीत एकदा बॅच बिघडली की ती नाल्यात सोडायचे.

मला बसायला जागा हवी होती. ती वस्तीत एकच होती, आमचा विहार. पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन, समोर बुद्धाची मूर्ती, भिंतीवर फोटो, दोन ट्यूबलाइट आणि एक पंखा, जो फिरताना बोलायचा. विहाराची किल्ली महिला मंडळाकडे असायची, कारण रविवारची वंदना, झाडलोट, पोछा, मूर्तीपुढची फुलं हे सगळं बायकाच करायच्या. पुरुषांना विहाराची आठवण मार्चपासून एप्रिलपर्यंत यायची. जयंती जवळ आली की त्यांचा धम्म जागा व्हायचा.

गयामावशी महिला मंडळाची प्रमुख होती. ती सकाळी कामाला निघताना विहार उघडायची आणि आम्हाला आत घ्यायची. दहावीच्या काही मुली, बारावीचा एक जण आणि मी. संध्याकाळी आल्यावर बंद करायची. बाकी कशात ती पडायची नाही. कोण काय शिकतो, कोणाचा पेपर कधी, तिने कधी विचारलं नाही. उपदेश तर अजिबात केला नाही. एकदा फक्त माझ्या पुस्तकात डोकावली आणि म्हणाली, "एवढे आकडे? आणि चित्र एक पण नाय? मग तू नापास होणारच रे."

आता जयंती मंडळाबद्दल. मंडळ म्हणजे बबन आणि त्याच्याभोवतीची दहा-पंधरा तरणी माणसं. कोणी कंपनीत टेंपररी, कोणी रिक्षावर, बरेचसे कशावरच नाही. बबन पांढरे बूट घालायचा आणि चिखलाच्या दिवसांतही ते पांढरेच कसे राहतात याचं सगळ्यांना कोडं होतं. सोपं होतं. तो कुठे चालत जायचाच नाही, कोपऱ्यावर उभा असायचा. मी त्या कोपऱ्यावर उभं राहणं जवळून पाहिलं आहे. रोज संध्याकाळी पाय तिकडे वळायचे. आज जरा उभं राहू, उद्यापासून बघू. असं म्हणत आमच्या पिढीतली किती हुशार पोरं तिथे उभी राहिली आणि उभ्या उभ्याच चाळिशीची झाली. त्यांना कोणी बिघडवलं नाही. दारू, मारामारी, काही नाही. ते फक्त रोज पाच मिनिटांसाठी कोपऱ्यावर गेले. वर आणि तेच लोक आज मला म्हणतात, "तुझं नशीब रे."

त्या वर्षी मंडळाने ठरवलं की जयंतीच्या मिरवणुकीत रथावर भलं मोठं पुस्तक करायचं. थर्माकोलचं, उघडलेलं, निळी कडा, आत बल्ब. कल्पना बबनची. शिक्षणाचा संदेश जाईल, म्हणाला. टेम्पोभर थर्माकोल आलं आणि ते ठेवायला, कापायला, रंगवायला छताखालची जागा हवी झाली. म्हणून मंडळाने ठरवलं की पोरांनी विहारातला अभ्यास जयंती होईपर्यंत बंद करावा.

हे वाक्य मी इतक्या वर्षांत पुष्कळ लोकांना सांगितलं आहे आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस हसून म्हणतो की मी वाढवून सांगतोय. नाही. भिंतीवर ज्यांचा फोटो, त्यांचं सारं आयुष्य वाचण्यात गेलं. त्या फोटोखाली परीक्षेच्या तोंडावर बसलेल्या मुलांना उठवून तिथे थर्माकोलचं पुस्तक करायचं, हे दुसऱ्या कोणत्या समाजाला सुचलं असतं मला माहीत नाही. आम्हाला सुचलं. आणि मंडळात एकालाही त्यात विसंगत काही दिसलं नाही. उलट आम्ही कुरकुर केली तेव्हा एकाने विचारलं, "काय रे, तुला समाजापेक्षा तुझा पेपर मोठा?"

गयामावशीने भांडण केलं नाही. तिने एक साधी गोष्ट केली. सकाळी विहार उघडला की कुलूप दाराच्या कडीत अडकवून ठेवण्याऐवजी ती ते पिशवीत टाकून उल्हासनगरला घेऊन जायला लागली. कुलूपच नाही, तर बंद काय करणार?

नळावर बबनने तिला गाठलं. सगळ्या बायका पाणी भरत होत्या, मीही हंडा घेऊन उभा होतो.

"मावशी, विहाराचं लॉक कुठंय?"

"माझ्या पिशवीत."

"पिशवीत कशाला?"

"दाराला लावलं की दार बंद होतं ना बाबा. म्हणून."

बायका फिदीफिदी हसल्या. बबनने बुटांकडे पाहिलं.

"टेम्पोभर माल आलाय. ठेवू कुठं?"

"तुझ्या घरी ठेव."

"घरात जागा हाय का? आई हाय, भाऊ, भावजय, त्यांची पोरं."

"मग या पोरांच्या घरी काय राजवाडा हाय?"

"जयंती वर्षातून एकदाच येते, मावशी. समाजाचा प्रश्न हाय."

"परीक्षा बी वर्षातून एकदाच येती. आणि यातली कोण समाजातली नाय ते दाखव मला."

अशा माणसांना उत्तर सुचत नाही तेव्हा ते नवीन कुलूप आणतात. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला घरी गेलो आणि परत आलो तर दाराला पितळेचं नवं कोरं कुलूप होतं. आत आमची पुस्तकं, माझ्या कॉस्टिंगच्या नोट्स, मुलींची दप्तरं. खिडकीतून पाहिलं तर थर्माकोलच्या पांढऱ्या लाद्या आमच्या सतरंजीवर रचून ठेवल्या होत्या. त्यांच्याखालून एका मुलीचा भूगोल बाहेर डोकावत होता.

संध्याकाळी मावशी कामावरून आली. आम्ही सगळे तिच्या दारात जाऊन उभे राहिलो. तिने ऐकून घेतलं, चहा प्यायली, कप धुतला. मग जीन्सचं एक गाठोडं उचललं. शिवून झालेल्या पॅंटींचे लोंबणारे धागे कापायचं काम तेव्हा उल्हासनगरचे शेठ लोक बायकांना घरी द्यायचे. मशीनवर बसणाऱ्या बायका ते घेत नसत, ते काम खालचं. पण मावशी त्या दिवशी वाटेत एका मैत्रिणीचं गाठोडं घेऊन आली होती, तिला बरं नव्हतं म्हणून. मंडळाची पोरं थर्माकोल कापायला आली, बबनने कुलूप काढलं, दार उघडलं. मावशी चालत गेली आणि उंबऱ्यावर बसली. पाठ चौकटीच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. मांडीवर पॅंट, हातात छोटी कात्री.

"मावशी, आत ये नायतर बाहेर बस. मधे काय?"

"इथं उजेड बरा हाय."

पोरांनी तिच्यावरून लाद्या आत-बाहेर नेल्या, तिने मान खाली घालून वाट दिली. जायची वेळ झाली तेव्हा बबन कुलूप हातात घेऊन उभा राहिला.

"उठ आता. लावायचंय."

"धागे झाले की उठते."

"कवा होतील?"

"हे बघ केवढे हायत. तू बी बस, कात्री देऊ?"

कुलूप हातात धरून माणूस किती वेळ उभा राहील? तो गेला. मावशीने पिशवीतून आपलं जुनं कुलूप काढलं आणि दाराला लावलं. सकाळी उघडलं आणि पुन्हा उंबऱ्यावर बसली. त्या दिवशी ती उल्हासनगरला गेली नाही. दुसऱ्याही दिवशी गेली नाही. शेठकडून धाग्यांच्या कामाची गाठोडी मागवली आणि माझा शेवटचा पेपर होईपर्यंत ती त्या उंबऱ्यावर धागे कापत बसली. तिची मुलगी वैशाली शाळेतून आली की थोडा वेळ जागा सांभाळायची, तेवढ्यात मावशी चूल करून यायची. थर्माकोल शेवटी मैदानात ताडपत्रीखाली गेलं. वाऱ्याने त्याचे पांढरे दाणे वस्तीभर पसरले, कोंबड्या ते दाणे टिपायच्या आणि थुंकायच्या.

मी आत बसून आकडे मांडायचो. माझ्या समोर तिची पाठ आणि तिच्या पायाशी निळ्या धाग्यांचा वाढत जाणारा ढीग. पंखा बोलायचा, कात्री बोलायची. एका दुपारी तिचा सिंधी शेठ स्कूटरवर आला. जाडजूड, रुमालाने मान पुसत उभा राहिला.

"गयाबाई, मशीन पे कब आयेगी? शादी का सीझन है, मशीन खाली नही रख सकता मैं."

"येते शेठ. पोरांचे पेपर होऊ दे."

"पोरं किसकी?"

"वस्तीकी."

"वस्तीकी!" शेठ म्हणाला, आणि आत आमच्याकडे वाकून पाहिलं. मग स्कूटरला किक मारून गेला. आम्हाला त्याचं ते "वस्तीकी!" इतकं आवडलं की आम्ही पुढे कित्येक दिवस एकमेकांची तशी नक्कल करायचो.

जयंतीला पुस्तक निघालं. खरं सांगायचं तर सुंदर दिसलं. आतले बल्ब लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, बबन रथावर उभा होता. मिरवणूक संपल्यावर ते पुस्तक मैदानात पडून राहिलं आणि जूनमध्ये चिखलात विरघळलं. पुढच्या वर्षी संसद भवन होतं.

मी पास झालो. कॉस्टिंगमध्ये काठावर, पण काठ असला तरी तो पलीकडचा होता. मामाच्या कंपनीत दुसरा कोणी लागला. मग परीक्षा, मुलाखत, नोकरी, लग्न, बदलापूरचं घर. माझ्या मुलांच्या खोलीला दार आहे आणि ते आतून लागतं. ती दार धाडकन लावतात तेव्हा मी चिडत नाही, बायको चिडते.

पंधरा दिवसांपूर्वी बबन माझ्याकडे आला. आता तो नगरसेवक आहे. बूट काळे झाले आहेत, बाकी तसाच. बरोबर दोन कार्यकर्ते, एकाच्या हातात पेढे. विहाराच्या मागे नगरपालिकेच्या निधीतून त्याने अभ्यासिका बांधली आहे, वर त्याचं नाव आहे, तिचं उद्घाटन आहे.

"साहेब, तुम्ही आपल्या विहाराचं प्रॉडक्ट," तो सोफ्यावर टेकत म्हणाला. "वहिनी, चहा जरा गोड करा. हां, तर साहेब, विषय असा ठेवलाय. छोटे निर्णय, मोठं आयुष्य. तुम्ही बोलायचं. जास्त नाय. आपल्या मंडळाने तेव्हा पोरांना अभ्यासाला विहार खुला करून दिला, तिथून तुम्ही कसे घडले, एवढं दोन शब्दांत."

मला वाटलं होतं की तो खोटं बोलत असेल, डोळे चुकवील. पण नाही. त्याला ते खरंच तसं आठवत होतं. हे जास्त वाईट. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते माहीत असतं.

"आणि गयामावशी?" मी विचारलं.

"तिला बोलावल्याशिवाय कसं? साडी, नारळ, पहिल्या रांगेत खुर्ची. आपली जुनी माणसं आहेत साहेब. आपण नाय विचारायचं तर कोण?"

तो गेल्यावर पेढ्यांचा बॉक्स टेबलावर तसाच राहिला. मुलांनी खाल्ले.

रविवारी मी वांगणीला गेलो. मावशी आता तिथे वैशालीकडे असते. वैशाली अंगणवाडीत मदतनीस आहे. मावशीला हल्ली माणूस ओळखायला जवळ यावं लागतं. धागे कापून कापून डोळे गेले, असं ती सांगते, जसं कोणी सांगावं की चप्पल झिजली. ती मागे भांडी लावत होती तेव्हा मी वैशालीला विचारलं की मशीनचं काम सोडून मावशी धाग्यांच्या कामाला कधी लागली.

"तुमच्या त्या परीक्षेच्या वेळी," वैशाली म्हणाली. "तुम्हाला माहीत नाय? शेठने मशीन दुसरीला दिली. काढलं असं नाय. ही परत गेली तेव्हा तिथं कोणतरी बसलेलं होतं. शेठ म्हणाला, गाठोडी घेऊन जा. मग गाठोडीच. दिवाळीचा बोनस गेला, हजेरीचा पगार गेला. मला नर्सिंगला घालायचं होतं तिला, ते बी राहिलं." मग थोडं हसली. "खिडकीजवळची मशीन होती तिची. अजून सांगते कधी कधी. वारा यायचा म्हणून."

निर्णयावर भाषणं देणाऱ्या सगळ्या लोकांना मला वैशालीच्या ओसरीवर नेऊन बसवावंसं वाटलं. हे लोक निर्णय म्हणजे रस्त्याला फुटलेला फाटा समजतात. एकदा वळलं की झालं, पुढे भाषण. मावशीच्या आयुष्यात तो फाटा रोज सकाळी यायचा. हातात डबा भरलेला, उल्हासनगरची वाट एका बाजूला, विहार दुसऱ्या बाजूला. एक दिवस बसून ती उठली असती तर मशीन राहिली असती, आणि मी आज कुठल्यातरी केमिकल कंपनीतून निवृत्त व्हायची वाट बघत खोकत असतो. ती बसली तेव्हा मी वर गेलो आणि ती खाली आली. एकाच उंबऱ्यावरून. हे सांगितलं तर कार्यक्रमाला टाळ्या पडत नाहीत, म्हणून ते कोणी सांगत नाही.

निघताना मावशी दारापर्यंत आली. "बबनचा माणूस आला होता," ती म्हणाली. "जा तू. चांगलं बोल. कडू बोलू नको. वस्तीतली माणसं हायत." मी हो म्हणालो. घरी येऊन चांगलं भाषण लिहायला बसलो. ते काही झालं नाही. मग तिला पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं. ते असं:

प्रिय गयामावशी,

सप्रेम जयभीम.

हे पत्र वैशाली वाचून दाखवील. वैशाली, काही गाळू नकोस, आणि आई मधे बोलली तरी पूर्ण वाच.

मावशी, मी कार्यक्रमाला जाणार आहे. तू चांगलं बोल म्हणालीस. मी चार वेळा चांगलं लिहिलं आणि चारही वेळा त्यात बबनच चांगला निघाला. मंडळाने जागा दिली, समाजाने हात दिला, सगळ्यांमुळे मी घडलो. असं बोलणं सोपं आहे, सगळे तसंच बोलतात, आणि मला ते आता शिसारी येण्याइतकं पाठ झालं आहे. म्हणून मी जे झालं तेच बोलणार आहे. कुलूप कोणी लावलं, उंबऱ्यावर कोण बसलं, शेठने मशीन कोणाला दिली. त्या अभ्यासिकेत उद्या जी मुलं बसतील त्यांना हे माहीत असलं पाहिजे की त्यांची जागा कोणाच्या निधीतून आलेली नाही. बहुतेक माझा माईक मधेच बंद करतील. करू देत, माझा आवाज मोठा आहे.

मी तिथे तुझे आभार मानणार नाही. आभार मानले की लोकांना वाटतं, फिटलं.

वैशाली, पुढचं तुझ्यासाठी. नर्सिंगचं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. यावर काय लिहावं ते मला सुचत नाही, म्हणून काही लिहीत नाही. तुझी मोठी मुलगी आता नववीत आहे ना? तिला दहावीच्या वर्षी माझ्याकडे ठेव. हे मी मदत म्हणून लिहीत नाही, तू नाही म्हणालीस तर मी रागावणार आहे.

मावशी, आता एकच गोष्ट. तू येऊ नकोस. त्यांनी रिक्षा पाठवली तरी येऊ नकोस. साडी घरी आणून देतील, ती घे, चांगली असली तर नेस. पण त्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसू नकोस. तू समोर असलीस की मी बोलताना तुझ्याकडे बघणार, तू मानेने नको म्हणणार, आणि मी गप्प बसणार. तुझं मी आजवर कधी मोडलेलं नाही. या वेळी मोडायचं आहे, तर तू लांबच राहा.

तुझा,
दिलीप